अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे थोर ख्यालगायक, गुरू आणि वाद्यांचे मर्मज्ञ जाणकार होते. उत्तर भारतात जन्मलेल्या खाँसाहेबांचे बहुतेक कर्तृत्व महाराष्ट्रात व कर्नाटकात घडले. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय स्थापन केले आणि आयुष्याचा उत्तरार्ध मिरजेत व्यतीत केला. सुरेलपणाचा ध्यास, एकेका स्वराचा सावकाश विस्तार आणि करुणरसप्रधान गायन ही त्यांच्या गायकीची ओळख मानली जाते. तंबोरा जुळवणे, त्याची जवारी काढणे आणि तारवाद्यांची दुरुस्ती करणे या कामांतही ते निष्णात होते. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, रोशन आरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांचे प्रमुख शिष्य होत.

जन्म आणि शिक्षण

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म कैराना या गावी झाला. हे गाव यमुनेच्या खोऱ्यात, पानिपतच्या पलीकडे वसलेले असून सध्या ते उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात मोडते. पूर्वी ते मुझफ्फरनगर जिल्ह्यात होते. याच गावाच्या नावावरून घराण्याला ‘किराणा’ हे नाव पडले. गावात गायक, सारंगीवादक आणि बीनकार यांची पिढीजात कुटुंबे राहत असत. विख्यात बीनकार बंदे अली खाँ यांच्या परंपरेशीही या घराण्याचे नाते जोडले जाते. बीनेवर एकाच पडद्यावरून तार ओढून स्वर अलगद वर नेण्याची जी मींडेची रीत आहे, तिचा ठसा पुढे किराणा गायकीवर उमटला, असे संगीताचे अभ्यासक मानतात.

अब्दुल करीम यांना गायनाची तालीम वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडून मिळाली. नन्हे खाँ या दुसऱ्या काकांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. गायनाबरोबरच सारंगी, बीन, सतार आणि तबला ही वाद्येही त्यांनी हाताळली. आरंभी ते सारंगीवादक होते आणि त्या काळी सारंगीवादकांना मैफलीत गौण स्थान मिळत असल्यामुळे ते गायनाकडे वळले, अशी एक आख्यायिका आहे. सारंगीच्या सरावातून कानाला मिळालेली सूक्ष्मता आणि वाद्याच्या लाकडाची, तारेची व चामड्याची जाण मात्र त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

बडोदे आणि तेथून प्रस्थान

तरुणपणी अब्दुल करीम हे आपले बंधू अब्दुल हक यांच्यासमवेत जोडीने गात असत. या दोघा भावांच्या गायनाने प्रभावित होऊन बडोदे संस्थानाने त्यांना दरबारात आश्रय दिला. त्या काळी महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांची कारकीर्द चालू होती आणि बडोद्याचा दरबार गुणीजनांचे आश्रयस्थान म्हणून ओळखला जात होता.

बडोद्यातच त्यांची ओळख सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी झाली. माने घराणे गायकवाड राजघराण्याच्या नात्यातील होते. धर्म आणि सामाजिक दर्जा या दोन्ही बाबतींत अंतर असलेल्या या दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला. दरबारी गवयाने सरदारकन्येशी विवाह करणे हे त्या काळच्या संस्थानी समाजाला रुचणारे नव्हते. परिणामी उभयतांना बडोदे सोडावे लागले. राजाश्रयाची निश्चित मिळकत गमावून अब्दुल करीम मुंबईस आले आणि पुढील सर्व आयुष्य त्यांनी मुख्यतः मैफली, जलसे आणि अध्यापन यांवर काढले.

ताराबाईंपासून त्यांना पाच अपत्ये झाली. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, कृष्णा आणि सकीना ही त्यांची नावे. हीच अपत्ये पुढे अनुक्रमे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने आणि सरस्वती राणे या नावांनी महाराष्ट्राला परिचित झाली.

मिरज

दक्षिण महाराष्ट्रातील मिरज हे पटवर्धन संस्थानिकांच्या राजधानीचे नगर संगीताच्या दृष्टीने समृद्ध होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी तेथे शिष्य घडवले आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांचे संगीतशिक्षणही मिरजेतच झाले. येथील ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर खाँसाहेबांची दृढ श्रद्धा होती. दर्ग्याच्या उरुसात ते गायनसेवा करीत असत.

मिरजेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील तंतुवाद्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी, शस्त्रांची मागणी घटल्यावर, तंबोरे व सतारी तयार करण्याकडे मोहरा वळवला. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव या व्यवसायाच्या प्रारंभाशी जोडले जाते. भीमा नदीच्या काठी पंढरपूर-मंगळवेढा परिसरात होणारे मोठे, जाड सालीचे कडू भोपळे आणि तून जातीचे हलके लाकूड हा या वाद्यांचा मुख्य कच्चा माल होय. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्यांच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ असलेल्या गायकाला अशा गावी राहावेसे वाटले, यात नवल नाही.

तंबोरा आणि वाद्यांची निगा

अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा पाया तंबोऱ्यात होता. मैफलीपूर्वी तंबोरे जुळवण्यास ते भरपूर वेळ देत आणि तंबोरे मनासारखे लागल्याखेरीज गायनास आरंभ करीत नसत. वाद्यदुरुस्तीची हत्यारे ते स्वतःजवळ बाळगीत आणि मोकळ्या वेळी तंबोरे, बीन, सतार अशा वाद्यांची डागडुजी स्वतःच्या हाताने करीत. समकालीन संगीतकारांच्या आठवणींत या सवयीचा उल्लेख आवर्जून येतो. त्यांच्या या आग्रहाचे महत्त्व समजण्यासाठी तंबोऱ्याची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन जोडाच्या तारा मध्य षड्जात आणि चौथी, खर्जाची जाड पितळी तार मंद्र षड्जात लावतात. पंचम वर्ज्य असलेल्या रागांत पहिली तार मध्यमात किंवा निषादात मिळवतात. दांडीच्या वरच्या टोकाच्या खुंट्या पिळून तार ढोबळमानाने स्वरात आणली जाते. त्यानंतर घोडीच्या खाली प्रत्येक तारेत ओवलेला मणी सरकवून सूक्ष्म मेळ साधतात. मणी घोडीपासून दूर सारला की तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो आणि घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीच्या अर्ध्या पिळाने जे साधत नाही, ते मण्याच्या केसभर हालचालीने साधते.

तंबोऱ्याचा गुंजारव निर्माण होतो तो जवारीमुळे. घोडीचा माथा सपाट भासला तरी त्याला अत्यंत हलका उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार या उताराला पुन्हापुन्हा हलका स्पर्श करते आणि त्यामुळे मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर ठळकपणे उमटतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये रेशमी किंवा सुती दोरा घालून तो पुढेमागे सरकवला असता एका नेमक्या जागी तारेचा नाद खुलतो. ती जागा चुकली की नाद बंद, कोरडा किंवा कर्कश होतो. दीर्घकाळच्या वापराने तारांचे चरे घोडीवर पडतात आणि जवारी बिघडते. तेव्हा कानशीने व बारीक पॉलिश कागदाने माथा पुन्हा सारखा करावा लागतो. हे काम थोडे घासावे, तार चढवून ऐकावे आणि पुन्हा घासावे अशा सबुरीने करावयाचे असते. एकदा अधिक घासले गेलेले हाड किंवा शिंग परत भरून काढता येत नाही.

हवामानाचा परिणामही वाद्यावर सतत होत असतो. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, तर उन्हाळ्यात त्या आकसून घसरू लागतात. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावणे हा सर्वत्र रूढ असलेला उपाय होय. नवी तार चढवल्यावर ती काही काळ ताणत राहते आणि तेवढा काळ तिला वारंवार स्वरात आणावे लागते. आगगाडीने दूरवर प्रवास करणाऱ्या गायकाला या सर्व गोष्टींना तोंड द्यावे लागे. भोपळ्याला तडा जाणे, घोडी सरकणे आणि तारा उतरणे हे प्रवासातील नित्याचे प्रसंग असल्याने वाद्य दुरुस्त करता येणे ही खाँसाहेबांच्या दृष्टीने व्यवसायाचीच गरज होती.

ताणलेली तार ठरल्या स्वरावर स्थिर ठेवणे हा प्रश्न जगातील सर्व तारवाद्यांना समान आहे. विजेच्या गिटारमध्ये ट्रेमोलो दांडी दाबून तारा सैल करतात आणि दांडी सोडली की मागील बाजूच्या स्प्रिंगा तारांना पूर्वस्थितीत आणतात. तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांचा तोल बिघडला किंवा तार एखाद्या खाचेत अडकली, तर स्वर मूळ जागी परतत नाही आणि वाद्य बेसूर होते. तेथेही खाचा गुळगुळीत ठेवणे आणि ताणांचा तोल राखणे हीच निगा असते. स्वरावरून हलणे आणि अचूक त्याच स्वरावर परत येणे ही अपेक्षा मींड घेणाऱ्या गळ्याकडून केली जाते, तशीच ती वाद्याकडूनही केली जाते.

श्रुतिविचारातील सहभाग

उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेचा पाचवा उपस्वर असून षड्जाशी त्याचे प्रमाण, दोन सप्तके खाली आणल्यास, ५:४ असे येते. अर्ध्या स्वराचे १०० भाग कल्पिल्यास हा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर येतो, तर पियानो आणि पेटीसारख्या समान अंतरांच्या वाद्यांवरील गंधार ४०० भागांवर असतो. हे १४ भागांचे अंतर अल्प असले तरी सरावलेल्या कानाला ते स्पष्ट जाणवते. खाँसाहेबांचा गंधार तंबोऱ्याच्या नादाशी एकरूप होणारा असल्याचे रसिक आवर्जून सांगत.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय संगीतातील बावीस श्रुतींची शास्त्रीय मोजणी करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात सुरू झाले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या विषयावर १९१० मध्ये इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी असलेले ई. क्लेमेंट्स यांनीही हा अभ्यास पुढे नेला आणि १९१३ मध्ये भारतीय संगीताची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँ यांनी आपला गळा आणि वाद्यज्ञान उपलब्ध करून दिले. त्यांनी लावलेल्या स्वरांची तुलना तारांच्या मोजलेल्या लांबीशी केली जाई. आपली विद्या गुप्त राखण्याकडे अनेक उस्तादांचा कल असण्याच्या त्या काळात एका खानदानी गायकाने अशा संशोधनात सहभागी होणे ही लक्षणीय बाब होती.

या संशोधनाच्या आधारे लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुती हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली. १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. तथापि श्रुतींच्या स्थानांविषयी विद्वानांत व कलावंतांत एकमत झाले नाही आणि हे वाद्य प्रचारात आले नाही. विष्णु नारायण भातखंडे यांची श्रुतींविषयीची भूमिका देवल-क्लेमेंट्स यांच्याहून भिन्न होती. हा वाद पुढेही दीर्घकाळ चालू राहिला.

आर्य संगीत विद्यालय

१९१३ मध्ये अब्दुल करीम खाँ यांनी पुणे येथे आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. गुरुगृही राहून शिकण्याची जुनी पद्धत आणि संस्थेची शिस्त यांचा मेळ त्यांनी तेथे घातला. विद्यार्थी विद्यालयातच राहत आणि खाँसाहेब त्यांच्यासह एकाच कुटुंबाप्रमाणे वावरत. जात, धर्म वा घराणे न पाहता शिकण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला ते विद्या देत. त्यांच्या बहुसंख्य शिष्यांचे मराठी व कन्नड भाषक हिंदू कुटुंबांतून आलेले असणे, हे या औदार्याचेच फलित होय. विद्यालयाच्या वतीने जलसे होत आणि त्यांत विद्यार्थीही गात.

शिष्यांना तंबोरा जुळवण्याचे शिक्षण गाण्याच्या तालमीइतकेच महत्त्वाचे मानले जाई. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, गणेश रामचंद्र बेहरेबुवा आणि दशरथबुवा मुळे हे त्यांच्या शिष्यवर्गातील उल्लेखनीय गायक होत. कपिलेश्वरी यांनी गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. खाँसाहेबांनी आपल्या पाळीव कुत्र्यालाही स्वरात स्वर मिळवण्यास शिकवले होते, अशी एक आठवण संगीतवर्तुळात आजही सांगितली जाते.

याच विद्यालयातील शिष्या बानूबाई लाटकर या पुढे सरस्वतीबाई मिरजकर म्हणून ओळखल्या गेल्या. उत्तरायुष्यात त्या खाँसाहेबांच्या पत्नी झाल्या.

म्हैसूर आणि कर्नाटक संगीत

म्हैसूरच्या दरबारात खाँसाहेबांना वारंवार निमंत्रण मिळत असे. या दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ ही पदवी देऊन गौरविले. तेथे दाक्षिणात्य संगीतातील श्रेष्ठ कलावंतांचा सहवास त्यांना लाभला आणि त्यांनी कर्नाटक संगीत डोळसपणे आत्मसात केले. ख्यालात सरगमचा विपुल व भावपूर्ण उपयोग करण्याची त्यांची पद्धत या संपर्कातून विकसित झाली, असे मानले जाते. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृती आणि सावेरी रागातील सरगम त्यांनी ध्वनिमुद्रित केली. दक्षिणेतील संगीताकडे आदराने पाहून ते स्वतः गाणारे उत्तरेतील गायक त्या काळी विरळाच होते.

म्हैसूरच्या वाटेवर हुबळी-धारवाड भागात त्यांचा मुक्काम पडत असे. या मुक्कामांमुळेच किराणा गायकी उत्तर कर्नाटकात रुजली. कुंदगोळचे रामचंद्र कुंदगोळकर तथा सवाई गंधर्व हे त्यांना याच भागात शिष्य म्हणून लाभले.

गायकी

अब्दुल करीम खाँ यांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि तारेसारखा लवचिक होता. ख्यालाच्या विलंबित लयीत रागाचा एकेक स्वर घेऊन त्याभोवती आलापीने चित्र रेखाटत जाणे आणि हळूहळू पुढील स्वराकडे सरकणे, ही त्यांची मांडणी होती. बोलांच्या किंवा लयीच्या कसरतींपेक्षा स्वराच्या लगावाला त्यांनी प्राधान्य दिले. अखंड मींड, स्वरांमधील सांधे न जाणवू देणारी गती आणि अंतःकरणाला भिडणारी आर्तता यांमुळे त्यांचे गायन श्रोत्यांना ध्यानाचा अनुभव देई. लयीचे अंग आणि बंदिशीची बांधणी यांकडे किराणा गायकीत तुलनेने कमी लक्ष दिले जाते, अशी टीका अन्य घराण्यांच्या अभिमान्यांकडून होत आली आहे. समर्थकांच्या मते हा अभाव नसून जाणीवपूर्वक केलेली निवड होय.

ललित, गुजरी तोडी, बसंत, झिंझोटी आणि भैरवी हे राग त्यांच्या नावाशी विशेष निगडित आहेत. ठुमरीलाही त्यांनी स्वतःचे वळण दिले. पूरब अंगाच्या ठुमरीतील नखऱ्याऐवजी त्यांच्या ठुमरीत विरहाची व्याकुळता प्रकटते.

कौटुंबिक वियोग

कालांतराने ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. मुलांना त्यांनी आपले माने हे आडनाव आणि नवी नावे दिली. एका गायक कुटुंबाची अशी फाळणी झाली. वडिलांकडून मिळणारी तालीमही त्यामुळे खंडित झाली. हिराबाईंना किराणा घराण्याचेच दुसरे अध्वर्यू अब्दुल वहीद खाँ आणि बंधू सुरेशबाबू यांच्याकडून पुढील शिक्षण मिळाले.

या वियोगाचा खाँसाहेबांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि त्यांच्या उत्तरकाळातील गायनातील कारुण्याचे मूळ त्यात आहे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. मात्र आर्तता हा किराणा गायकीचाच स्वभाव असल्याने ती केवळ वैयक्तिक दुःखातून आली असे मानणे एकांगी ठरेल. वडील आणि मुले दुरावली, तरी त्यांच्या गळ्यांतील साम्य रसिकांना सदैव जाणवत राहिले.

ध्वनिमुद्रिका

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकात ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्या भारतीय गायकांत अब्दुल करीम खाँ यांचा समावेश होतो. त्यांच्या अधिक प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने काढल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. सावकाश विस्तार हे ज्यांचे बलस्थान, त्या गायकाला ही मर्यादा जाचक ठरणारी होती. तरीही इतक्या अल्प अवधीत रागाचे रूप उभे करण्यात त्यांना यश आले. ‘मानापमान’ या संगीत नाटकातील एक पदही त्यांनी ध्वनिमुद्रित केले आहे.

या ध्वनिमुद्रिकांनी पुढील पिढी घडवली. झिंझोटी रागातील त्यांची ठुमरी ऐकून बालवयातील भीमसेन जोशी यांच्या मनात गाणे शिकण्याची ओढ निर्माण झाली आणि त्या ओढीने त्यांनी घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे भीमसेन खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, शिकले.

निधन

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब दक्षिण भारताच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीस जात असताना आगगाडीत त्यांची प्रकृती अस्वस्थ झाली. त्यामुळे ते सिंगपेरुमाळ कोविल या लहान स्थानकावर उतरले. फलाटावर सतरंजी अंथरून त्यांनी तंबोरा जुळवण्यास सांगितले आणि गातगात प्रार्थना केली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव मिरजेस आणण्यात आले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

शिष्यपरंपरा आणि वारसा

सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्याद्वारे अब्दुल करीम खाँ यांची परंपरा भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर यांच्यापर्यंत पोहोचली. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू झालेला महोत्सव आज देशातील प्रमुख संगीत महोत्सवांत गणला जातो. रोशन आरा बेगम यांनी फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन तेथे ही गायकी जोपासली. केसरबाई केरकर यांनीही बालपणी कोल्हापूर येथे खाँसाहेबांकडे सुमारे आठ महिने प्राथमिक शिक्षण घेतले होते. पुढे त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या श्रेष्ठ गायिका ठरल्या.

अपत्यांपैकी सुरेशबाबू माने (१९०२–१९५३) हे विचारवंत गायक आणि गुरू म्हणून मान्यता पावले. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी शास्त्रीय संगीताच्या जाहीर मैफलींत स्त्री गायिकांना प्रतिष्ठा मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. सरस्वती राणे (१९१३–२००६) यांनी शास्त्रीय गायनाबरोबरच ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटासाठी पार्श्वगायनही केले. सुरेशबाबू व हिराबाई यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी हा वारसा एकविसाव्या शतकापर्यंत नेला.

मिरजेत दर्ग्याच्या उरुसाच्या निमित्ताने खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. देशातील नामवंत आणि नवोदित कलावंत तेथे मानधनाची अपेक्षा न ठेवता सेवाभावाने गातात व वाजवतात. दर्ग्यापासून जवळच असलेल्या वाद्यकारांच्या गल्लीत तंबोऱ्यांच्या घोड्या आजही हाताने घासल्या जातात. जवारी उघडली की नाही याचा निर्णय तेथे अद्याप कानच करतो.